वेळेची शेजपाळी
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एके काळी महाराष्ट्रातील मुलगा मॅट्रिक उत्तीर्ण झाला की त्याच्या मनगटावर घड्याळ येई आणि ते घड्याळ पुष्कळदा बंगळूरुचे असे. हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरुमध्ये मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावे या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांना वेगळी सांगावयास नकोत. लग्नात जावयाला ‘कांचन’ दिले की सासरच्या मंडळींची मान उंच राही. ‘जनता’सारख्या घड्याळास रोज सकाळी चावी द्यावी लागे. दाढी, अंघोळ, देवपूजा आणि घड्याळाची चावी असा तो क्रम असे. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. देशाला घड्याळे पुरवणाऱ्या त्याच शहरात आज घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, की वेळ पुरत नाही.

या तक्रारीचा संबंध या सभागृहाशी निकटचा आहे. येथे बसलेल्या कित्येक पालकांची मुले बंगळूरुत नोकरी करतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास फोन केला असता त्यांच्याकडून ठरलेले उत्तर येते : “मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.” तो ‘नंतर’ पुष्कळदा येतच नाही. रात्री बारा वाजता आईच्या भ्रमणध्वनीवर एक निरोप उमटतो : ‘जेवलो. झोप आता.’ मुलगा उर्मट नसतो, निष्काळजी नसतो. त्याचा दिवस त्याच्या हातात नसतो, एवढेच.

असा एक दिवस नमुन्यादाखल पाहावा. सातारा, सांगली किंवा जळगाव जिल्ह्यातून आलेला एक संगणक अभियंता बाह्यवर्तुळ रस्त्यालगतच्या एखाद्या कंपनीत आहे. साडेआठला तो घरून निघतो. टॉमटॉम या संस्थेच्या २०२३ सालच्या वाहतूक अहवालानुसार बंगळूरुत १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होती. (पुणेकरांनी यावर हसू नये. त्याच यादीत पुणे लगेच खालच्या क्रमांकावर होते, २७ मिनिटे ५० सेकंद.) ही सरासरी झाली; सकाळच्या गर्दीत सरासरीला कोण विचारतो? कार्यालयात पोहोचल्यावर बैठका सुरू होतात. बैठकांच्या मधल्या फटींत निरोपांना उत्तरे द्यावयाची. ज्या कामासाठी त्याला वेतन मिळते, म्हणजे शांतपणे विचार करून संगणकाची आज्ञावली लिहिणे, ते काम सायंकाळी सहानंतर, सहकारी पांगल्यावर सुरू होते. रात्री अमेरिकेतील सकाळ उगवते. कॅलिफोर्नियातील सकाळी ९ ची बैठक उन्हाळ्यात येथे रात्री ९:३० ला असते. नोव्हेंबरमध्ये तिकडील घड्याळे तासभर मागे जातात आणि तीच बैठक येथे रात्री १०:३० वर सरकते. बंगळूरुतील घराचे जेवण कधी व्हावे, हे अशा रीतीने दुसऱ्या खंडातील ऋतुमानावर ठरते.

अशा माणसास ‘वेळेचे नियोजन कर’ असा उपदेश करणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी निरर्थकही. त्याच्या भ्रमणध्वनीत नियोजनाची तीन साधने आधीच असतात. प्रश्न साधनांचा नाही. दिवसातील पाणी कोणत्या शेताला, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या परवानगीने जाते, हा खरा प्रश्न आहे.

पाण्याचा हा दाखला सहज सुचलेला नाही. बंगळूरु ज्यांच्या नावाने आपली अभियांत्रिकी ओळखते, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीची जवळजवळ पंचवीस वर्षे मराठी मुलखात आणि तत्कालीन मुंबई इलाख्यात गेली. बंगळूरुच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेऊन ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकण्यास आले, १८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि आरंभीच्या काळात त्यांची नेमणूक खानदेशात, धुळ्यास झाली. ज्या पांझरा नदीच्या खोऱ्यात त्यांनी उमेदवारीच्या काळात काम केले, त्याच खोऱ्यात शेतकऱ्यांनी शतकांपूर्वी उभी केलेली फड पद्धत नांदत होती. बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणावयाचे, शेतांचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यावयाचे, अशी ती व्यवस्था. पाणी कोणाच्या शेतात आधी जाईल, हे ज्याचा आवाज मोठा त्याने ठरवावयाचे नाही, हे तिचे मर्म.

पुढे विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर गटवार पाणीवाटपाची, म्हणजे ‘ब्लॉक’ पद्धत आणली. कालव्याच्या मुखाजवळचे मोजके बागायतदार उसासाठी हवे तेवढे पाणी ओढत आणि खालच्या गावांपर्यंत ते पोहोचत नसे. नव्या पद्धतीत पाणी अनेक गावांतील गटांमध्ये विभागले गेले आणि प्रत्येक गटात उसाखाली किती क्षेत्र असावे, याला मर्यादा आली. ज्यांना भरपूर पाण्याची सवय होती, त्यांना ही शिस्त प्रथम रुचली नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पाणी वाढले नव्हते. वाटप बदलले होते.

महाराष्ट्रातील कालव्यांवर शेजपाळी नावाची जी पद्धत आहे, ती शेतकरी घरातून आलेल्या श्रोत्यांना ठाऊक असेल. हंगामापूर्वी शेतकऱ्याने नमुना क्रमांक ७ वर पाण्याचा अर्ज द्यावयाचा. अर्ज मंजूर झाले की धरणातील साठा पाहून आवर्तनाचा कार्यक्रम ठरतो. कोणाची पाळी कधी, हे पाणी सुटण्यापूर्वी कागदावर येते. पाणी देताना सुरुवात कालव्याच्या शेवटच्या टोकापासून करावी आणि मग वर मुखाकडे सरकत यावे, असा दंडक आहे. प्रत्यक्षात तो किती पाळला जातो, हे टेलच्या शेतकऱ्यास विचारावे. पण दंडकामागील शहाणपण निर्विवाद आहे. मुखाजवळच्या शेताला पाणी मिळण्यासाठी नियम लागत नाही. ते आपोआप मिळते. नियम लागतो तो शेवटच्या शेतासाठी.

नोकरदाराच्या दिवसाला हे जसेच्या तसे लागू पडते. ईमेल, निरोप, ‘पाच मिनिटे वेळ आहे का’ म्हणत टेबलाशी येणारा सहकारी ही मुखाजवळची शेते होत. त्यांना पाणी द्यावे लागत नाही, ती बांध फोडून घेतात. कालव्याच्या भाषेत हे विनाअर्ज पाणी. तेथे निदान पंचनामा होतो, कार्यालयात तोही होत नाही. दिवसाच्या शेवटच्या टोकावर असतात झोप, घरचे जेवण, मुलीचा अभ्यास, आईचा फोन आणि स्वतःचे शरीर. यांनी कधी अर्जच भरलेला नसतो. त्यांना वाटते, उरलेले पाणी येईल. उरत नाही.

म्हणून कामाच्या वेळेची आखणी टोकाकडून करावी. रात्री किती वाजता निजावयाचे, हे प्रथम ठरावे. त्याच्या वर घराचा तास, आठवड्यातील कोणत्या दोन संध्याकाळी अमेरिकेशी बोलणे होईल आणि कोणत्या तीन संध्याकाळी होणार नाही, हे त्यानंतर. त्याच्या वर सकाळचे दोन अखंड तास, ज्यांत मूळ काम होईल. बैठका आणि निरोप सर्वांत शेवटी मांडावेत. त्यांना जागा कमी पडली, तरी चिंता नको. मुखावरची शेते आहेत ती, सुकणार नाहीत. बहुतेक माणसे दिनदर्शिका नेमकी उलट भरतात : आधी इतरांनी मागितलेल्या बैठका, मग उरलेल्या फटींत काम आणि जे कोठेच बसत नाही ते घराच्या माथी.

या आखणीने माणूस अधिक काम करू लागतो का? थोडे अधिक. परंतु मुख्य लाभ तो नव्हे. २०२१ साली एऑन, फेबर आणि पानाच्चिओ या संशोधकांनी वेळेच्या नियोजनावरील १५८ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. नियोजनाचा कार्यक्षमतेशी संबंध आढळला. पण त्याहून दाट संबंध आढळला तो स्वास्थ्याशी, विशेषतः आयुष्याविषयीच्या समाधानाशी. कार्यालये ज्या लाभासाठी प्रशिक्षणवर्ग भरवतात, तो दुय्यम निघाला.

ताण नेमका कोठून येतो, याविषयीही पुरेसे ज्ञात आहे. १९७९ साली रॉबर्ट कारासेक यांनी मांडले, की नुसत्या अधिक कामाने माणूस तितका खचत नाही. मागणी अधिक आणि तिच्यावर नियंत्रण कमी, हा मेळ घातक ठरतो. शेतकऱ्याच्या पत्नीला सुगीत सोळा तास राबावे लागते. ते कष्ट हलके नव्हेत, पण त्यात कोणते काम आधी आणि कोणते मागून, हे पुष्कळसे तिचे तीच ठरवते. वातानुकूलित दालनात बसलेल्या तिच्या नातवाला दहा तासांत दहा वेळा दुसऱ्याच्या हाकेवर उठावे लागते.

प्रत्येक हाकेची किंमतही मोजलेली आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखविले, की एक काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेतल्यावर मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. धरणातून सोडलेले पाणी शेतापर्यंत पोहोचेतो वाटेत झिरपते आणि वाफ होऊन उडून जाते, तसेच हे. दिवसात वीस वेळा दारे फिरवली, तर पाणी पाटातच मुरते. अनुभवी पाटकरी एकदा बारे धरले की मोडत नाही. निरोपांसाठी दिवसातून तीन वेळा ठरवून पाट उघडावा आणि मध्ये तो बंद असावा. सुरुवातीस सहकारी कुरकुरतात. पंधरवड्यात त्यांना वेळा पाठ होतात.

अर्धवट राहिलेले काम ही रात्रीची खरी वैरीण आहे. ब्लूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली नोंदविले, की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अपुरी कामे अधिक ध्यानात राहतात. अंथरुणावर पडल्यावर नेमके तेच आठवते, हा सर्वांचा अनुभव आहे. यावर तोडगा काम संपविणे हाच, असे वाटेल; पण कार्यालयातील काम संपत नसते. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी एक सोपी गोष्ट सिद्ध केली : अपुऱ्या कामाचा निश्चित बेत लिहून ठेवला की ते पूर्ण न होताही मनाची टोचणी शमते. जुन्या पेढीवरचे दिवाणजी संध्याकाळी खतावणी करून, उद्याची टिपणे काढूनच दिवा मालवीत. संगणक मिटण्यापूर्वी दहा मिनिटे काढून उद्याची पहिली पायरी कागदावर लिहावी. ‘प्रकल्प पुढे नेणे’ असे मोघम लिहून चालत नाही; ‘सकाळी दहाला तिसऱ्या चाचणीतील चूक पाहणे’ असे लिहावे लागते.

आणखी एक जुना दोष अंदाजाचा. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखविले, की माणूस आपल्या कामास लागणारा वेळ सातत्याने कमी धरतो. १९९४ साली कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले गेले. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. बांधकाम खात्यातील कनिष्ठ अभियंताही अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद ठेवतो. संगणक अभियंता मात्र वरिष्ठांपुढे ‘शुक्रवारपर्यंत होईल’ असे म्हणून मोकळा होतो आणि शुक्रवारची रात्र गमावतो. मागील तीन कामांना प्रत्यक्ष किती दिवस लागले, हे पाहून तेवढेच सांगणे ही भित्रेपणाची खूण नव्हे.

विश्वेश्वरय्यांच्या कामांपैकी खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे येथे आठवावेत. १९०३ साली ते बसविले गेले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दरवाजे आपोआप उघडत, पूर ओसरला की मिटत. मध्यरात्री पावसात कोणी माणसाने जाऊन निर्णय घ्यावा, अशी वेळच येत नसे. निर्णय आधी, कोरड्या दिवसांत, लोखंडात घालून ठेवलेला होता. रात्री साडेदहानंतर आलेला निरोप सकाळी वाचला जाईल, हा नियमही असाच आधी ठरवून, वरिष्ठांना सांगून ठेवण्याचा असतो. निरोप आल्यावर, पुराच्या ऐन लोंढ्यात, ‘पाहू की नको’ असा विचार करणारा माणूस नेहमी हरतो.

येथवरचे सारे एकट्याने करता येण्याजोगे आहे आणि म्हणूनच ते अपुरे आहे. विश्वेश्वरय्या बांधकाम खात्यात रुजू झाले त्याच १८८४ साली, त्याच इलाख्यात, परळच्या गिरणीकामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या वेळेच्या होत्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. रविवारची सुट्टी मिळण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. त्या कामगारास कोणी दिनदर्शिका आखण्याचा सल्ला दिला असता, तर तो हसला असता. कालव्याचे मुखच दुसऱ्याच्या हातात असताना शेतकऱ्याने शेतातील सऱ्या कितीही नीट काढल्या, तरी काय होणार?

बंगळूरुत हा प्रश्न अगदी ताजा आहे. पुण्यात १९८१ साली जन्मलेली आणि १९८३ साली बंगळूरुला गेलेली इन्फोसिस ही कंपनी मराठी घरांत परकी नाही. तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे, असे मत मांडले आणि देशभर वाद झडला. त्यांच्या पिढीने केलेल्या कष्टांचा मान ठेवूनही हे म्हणावे लागते, की स्वतः उभारलेल्या संस्थेसाठी दिलेले ७० तास आणि दुसऱ्याच्या घड्याळावर दिलेले ७० तास हे एकाच मापाने मोजता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. या आकड्यांपुढे निष्ठेचा युक्तिवाद टिकत नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आणला. तशाच आशयाचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे भाग्य सर्वांना माहीत आहे. परंतु लोखंड्यांच्या निवेदनालाही सहा वर्षे लागली होती. तोवर संघप्रमुख, व्यवस्थापक या नात्याने जे माजी विद्यार्थी आज कालव्याच्या मुखाशी बसले आहेत, त्यांच्या हाती पुष्कळ आहे. रात्रीच्या बैठका संघात पाळीने वाटणे, अमेरिकेतील सहकाऱ्यांनीही महिन्यातून काही दिवस त्यांच्या रात्री बसावे असे स्पष्ट सांगणे, रविवारी निरोप लिहिला तरी तो सोमवारी सकाळी पोहोचेल अशी योजना करणे, यांपैकी कशालाही संसदेची मंजुरी लागत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. सात वाजताचा फोन मुखाशी जाऊन धडकतो आणि परत येतो. मुलाला एकदाच विचारावे, तुझी पाळी कधी असते? तो कदाचित म्हणेल, बुधवारी रात्री सव्वाआठ आणि रविवारी सकाळी दहा. ती वेळ त्याच्या कार्यालयीन दिनदर्शिकेत, इतर बैठकांच्या रांगेत, ‘आई’ एवढ्याच नावाने लिहावयास सांगावी. अर्ज भरलेला असला की पाटकऱ्यालाही ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि नोव्हेंबरच्या आरंभी तिकडची घड्याळे मागे गेली की ती वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी.